मामा तलाव आणि त्यांना टिकवणारा कागद : गोंदियाच्या पाण्याचा एक विसरलेला इतिहास

१/ गोंदिया जिल्ह्याच्या सरकारी कागदपत्रांत एक शब्द वारंवार भेटतो : ‘मामा तलाव’. हा कोणाच्या मामाचा तलाव नव्हे. ‘माजी मालगुजारी तलाव’ या लांबलचक नावाचे ते कचेरीत तयार झालेले लघुरूप आहे. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. ते कोणी बांधले याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत थ्रेडचा विषय थोडा वेगळा आहे : ते दोनशे-अडीचशे वर्षे चालू कसे राहिले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर असे काय घडले की पाळ जागेवर असूनही तलाव मोडकळीला आले?

२/ आधी एक शंका दूर केली पाहिजे. गोंदिया हा दुष्काळी प्रदेश नाही. येथे वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मग एवढे तलाव कशासाठी?

उत्तर धानाच्या रोपात आहे. रोवणीला पाणी लागते, ते बहुधा आकाशातून मिळते. पण धान गर्भात येते तेव्हा, म्हणजे हस्त आणि चित्रा नक्षत्रांच्या सुमारास, पावसाने पंधरा दिवस दडी मारली तर उभे पीक पोचट होते. चार महिने कोसळलेल्या पावसाचा त्या पंधरा दिवसांत काही उपयोग नसतो. येथील तलाव प्रामुख्याने त्या पंधरा दिवसांसाठी आहे. कोरड्या जमिनीला बागायत करणारे धरण आणि हा तलाव यांत हा मूलभूत फरक आहे. वर्षभर राखायचे आणि मोजक्या दिवसांत, सर्वांना एकाच वेळी हवे असताना, वाटायचे असे हे पाणी आहे.

३/ हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा वाटा सर्वांत मोठा. चांद्याच्या गोंड राजाने आपल्या पूर्वजांना काशीहून येथे आणले, अशी या समाजाची परंपरा सांगते. तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन द्यायची, अशी राजाज्ञा होती असेही सांगतात. ही आज्ञा हीरशाह या गोंड राजाच्या नावावर आहे. परंपरेतील प्रत्येक तपशील इतिहास म्हणून स्वीकारण्याची गरज नाही, परंतु तिच्यातील व्यवहार मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. बांधणाऱ्याला मोबदला रोख मिळत नव्हता. तो भिजणाऱ्या जमिनीतून मिळत होता. तलाव फुटला की मोबदलाही बुडाला. बांधकाम आणि देखभाल यांची सोयरीक पहिल्या दिवशीच लागली होती.

जिल्ह्याच्या उत्तरेकडे वैनगंगेच्या खोऱ्यात पोवार शेतकऱ्यांनीही धानशेतीला बांध घालण्याचे कसब वाढवले. त्यांच्यावर स्वतंत्र थ्रेड व्हायला हवा.

४/ या परंपरेचे शिखर म्हणजे अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध. सुमारे ११ चौरस किलोमीटरचा हा जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानले जाते. पुढे लोकांनी त्यांना देवत्व दिले. कोलासुर देव म्हणून त्यांचे स्थान तलावाभोवतीच्या एका टेकडीवर आहे. तलावाभोवतीची सात शिखरे म्हणजे ‘सात बहिणी’, आणि त्यांच्याच साहाय्याने बांध पुरा झाला, ही समजूत आजही परिसरात ऐकू येते.

बांधणाऱ्याचा देव झाला. ऑक्टोबरच्या रात्री पाळीवर बसून पाणी सोडणाऱ्याचे मात्र देऊळ कोठेही नाही.

५/ १८६७ साली भंडारा जिल्ह्याचा जमीनमहसुली बंदोबस्त पूर्ण करणारा अधिकारी लॉरेन्स याने कोहळ्यांच्या तलावबांधणीची वाखाणणी केली होती. आर. व्ही. रसेल याने १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथातही ती आली आहे. मोजणीची उपकरणे हाताशी नसताना योग्य जागा हेरण्याची त्यांची दृष्टी या अधिकाऱ्यांना विलक्षण वाटली. ही प्रशंसा खरीच आहे, पण अर्धी आहे. जागा निवडणे एकदाच करायचे असते.

६/ तलावाची रचना थोडक्यात पाहू, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

दोन उंचवट्यांमधील मातीचा बांध म्हणजे ‘पाळ’. जास्तीचे पाणी बाजूने निघून जावे म्हणून ‘सांडवा’. पाळीच्या पोटातून पाणी बाहेर काढण्याची व्यवस्था म्हणजे ‘तुडुम’. शुद्ध मराठीत त्याला मोरी किंवा विमोचक म्हणतील, पण या भागात तुडुमच. जुन्या तुडुमात एकाखाली एक भोके असत व ती खुंट्यांनी बंद केलेली असत. पातळी उतरेल तसतशी वरून खाली एकेक खुंटी काढत जायचे. वरचे पाणी आधी, तळाचे शेवटी. तुडुमातून पाणी पाटात, पाटातून बांधीत; आणि एका बांधीतून धुऱ्यावरून पुढच्या बांधीत.

हा शेवटचा टप्पा महत्त्वाचा. प्रत्येक शेताला स्वतंत्र पाट नव्हता. शेजाऱ्याची बांधी भरल्याखेरीज आपल्या बांधीत पाणी येतच नसे. अशा रचनेत ‘आपले पाणी आपण घेतो’ हे वाक्य अर्थशून्य ठरते.

७/ मातीच्या पाळीला शत्रू फार. खेकडे बिळे करतात. उंदीर करतात. पाळीवर वाढलेल्या झाडाची मुळे आत शिरतात आणि झाड वाळले की त्या मुळांच्या जागी पोकळी उरते. बोटभर झिरपणीचे रूपांतर रात्रीत भगदाडात होऊ शकते. सांडव्यात ओंडका अडकला तर पाणी पाळीवरून जाते, आणि मातीच्या बांधावरून पाणी गेले की बांध उरत नाही. शिवाय दरवर्षी गाळ येतो.

म्हणजे तलाव ही वस्तू कमी आणि दिनक्रम अधिक. वैशाखात गाळ काढून शेतात टाकणे, मृगापूर्वी सांडवा मोकळा करणे, पावसाळ्यात पाळीवर नजर ठेवणे, हस्त-चित्रात पाणी वाटणे, उन्हाळ्यात गुरांपुरते पाणी राखणे. यांतील कोणतेही काम अवघड नाही. अवघड आहे ते शंभर वर्षे, एकही वर्ष न चुकता, ठरलेल्या वेळी ते करून घेणे.

८/ येथे एक छोटे विषयांतर क्षम्य ठरावे. १९३५ साली अमेरिकेत डेटनजवळील राइट फील्डवर बोइंग कंपनीचे नवे बॉम्बफेकी विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. विमान उत्तम होते, वैमानिक निष्णात होता. जमिनीवर असताना वाऱ्याने विमानाचे नियंत्रक भाग हलू नयेत म्हणून लावलेले कुलूप काढायचे राहून गेले होते. या अपघातातून विमानविद्येत जी गोष्ट आली ती नवे इंजिन नव्हते. ती एक यादी होती : उड्डाणापूर्वी काय, कोणत्या क्रमाने तपासायचे.

आज कारखान्यांत आणि संगणक कंपन्यांत ‘वर्कफ्लो’ म्हणतात तो हाच प्रकार आहे. सुधारणा माणसाच्या आठवणीवर न सोडता तिला क्रम द्यायचा, जबाबदार माणूस द्यायचा आणि काम झाले की नाही हे दिसेल अशी खूण ठेवायची. गोंदियाच्या गावांनी ही तीनही कामे कोणत्या साधनांनी केली, हा खरा कुतूहलाचा विषय आहे.

९/ क्रम दिला नक्षत्रांनी. पंचांग शेतकऱ्याच्या तोंडी असल्यामुळे वेगळे वेळापत्रक लिहिण्याचे कारण नव्हते.

माणूस होता ‘पाणकर’. तुडुम उघडणे, पाटावर फिरणे, कोणाच्या बांधीत पाणी पोहोचले आणि कोणाच्या नाही हे पाहणे, धुरा फोडून चोरी करणाऱ्याला पकडणे, ही कामे त्याची. त्याचा मोबदला धान्यात, मळणीनंतर मिळे. हा तपशील साधा वाटतो, पण त्यात शहाणपण भरले आहे. पाणकराला पैसे पाणी सोडल्याबद्दल मिळत नव्हते. पीक घरात आल्यावर धान मिळत होते. शेवटच्या बांधीचा मालक उपाशी राहिला तर पाणकराच्या वाट्यातली एक पायली कमी होणार, हे दोघांनाही ठाऊक असे.

१०/ खान्देशातील पांझरा नदीवरची फड पद्धत अनेकांना माहीत असेल. तेथेही पाटकरी, जागल्या, हवालदार अशी पाणीवाटपाची माणसे होती आणि फडातील कोणते पीक कोठे घ्यायचे हेसुद्धा सामूहिकपणे ठरत असे. स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरात पाण्याची पंचायत आजही दर गुरुवारी कॅथीड्रलच्या दारात भरते. तंटे तोंडी ऐकून तेथल्या तेथे निकाल देते. राजे गेले, हुकूमशहा आले आणि गेले, पंचायत मात्र शेतकऱ्यांच्याच हाती राहिली. गोंदियाच्या गोष्टीला वेगळे वळण लागले, आणि त्याचे कारण तिसऱ्या साधनात आहे.

११/ तिसरे साधन म्हणजे कागद. त्याचे नाव ‘वाजिब-उल-अर्ज’.

फारसी-अरबी वळणाच्या या नावाचा अर्थ साधारणतः ‘सादर करण्यास योग्य अशी बाब’. उत्तर हिंदुस्थानातील महसूल व्यवस्थेतून तो मध्य प्रांतात आला. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारले, पुढच्या वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि १८६० च्या दशकात गावोगाव बंदोबस्त सुरू झाला. मराठा अमदानीत गावाचा सारा वसूल करून भरणारा पाटील आता ‘मालगुजार’ म्हणून गावाचा मालक ठरला. मालकी दिली की मर्यादाही लिहाव्या लागतात. गावात आधीपासून चालत आलेल्या रूढी कोणत्या, रयतेचे हक्क कोणते, हे बंदोबस्ताच्या वेळी विचारून लिहून घेतले गेले. तो दस्तऐवज म्हणजे वाजिब-उल-अर्ज.

१२/ त्यात काय असे? गुरचराई, सरपण, घराला लागणारे लाकूड, वाटा, स्मशान, तलावाचे पाणी. दैनंदिन गरजांसाठीच्या या सामायिक हक्कांना या भागात ‘निस्तार’ म्हणतात. तलावाचे पाणी कोणत्या जमिनींना, कोणत्या रीतीने मिळते, दुरुस्तीत कोणाचा हात लागतो, मासेमारीची रूढी काय, अशा नोंदी गावागणिक वेगळ्या असत. गावागणिक वेगळेपण हाच या कागदाचा प्राण. प्रांताचा नियम एक असला तरी प्रत्येक तलावाचा उतार, पाट आणि भाऊबंदकी निराळी होती, आणि कागदाने ते निराळेपण मान्य केले होते.

आणखी एक गोष्ट. बंदोबस्त कायमचा नव्हता. ठरावीक वर्षांनी नवा होई आणि तेव्हा रूढींची नोंदही पुन्हा तपासली जाई. आजच्या भाषेत त्या दस्तऐवजाची नवी ‘व्हर्जन’ निघे.

१३/ पाण्याची किंमतही याच व्यवस्थेत मुरलेली होती. मध्य प्रांताच्या जमीन प्रतवारीत धानाच्या जमिनीचे टिकरा, समान, झिलान असे स्थानावरून वर्ग पाडलेले असत आणि तलावाखाली भिजणाऱ्या जमिनीची गणना ‘आबपाशी’ म्हणून वरच्या दराने होई. म्हणजे रयत जो खंड भरत होती त्यात पाणी धरलेलेच होते. स्वतंत्र पाणीपट्टीचा प्रश्न उद्भवत नव्हता. ही बाब पुढे फार महाग पडणार होती.

१४/ येथपर्यंतचे वर्णन वाचून सुवर्णयुगाचा भास होत असेल तर तो तत्काळ दूर करावा. ही व्यवस्था समतेची नव्हती.

वाजिब-उल-अर्ज लिहिताना कारकुनासमोर बोलणारा प्रमुख आवाज मालगुजाराचा होता. पाळीच्या दुरुस्तीला ‘गावाचा हात’ लागे असे म्हणताना त्यातला किती स्वेच्छेचा आणि किती बेगारीचा, हे कागद सांगत नाही. तलावावर पोट असलेल्या धीवरांना, भूमिहीनांना, जंगलकाठच्या गोंडांना त्या बैठकीत फारसे स्थान नव्हते. स्त्रियांना तर नव्हतेच, जरी गाळाच्या टोपल्या त्यांच्याही डोक्यावरून गेल्या होत्या. तलाव टिकवणारी शिस्त काही अंशी धाकाची शिस्त होती. तिचे कौतुक करणाऱ्या लिखाणात हे वाक्य बहुधा सापडत नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहिले.

शिवाय तोंडी रूढी कागदावर आली की गोठते. ज्याचा हक्क त्या वर्षी लिहायचा राहून गेला, त्याला पुढे तो सिद्ध करणे दुरापास्त होते.

१५/ १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत हादरला. धानाच्या प्रदेशाला सिंचनाची गरज नाही, या सरकारी समजुतीला तडा गेला. १९०१ ते १९०३ या काळातील सिंचन आयोगाने मध्य प्रांतातील तलावांकडे लक्ष वेधले. त्यानंतर सरकारी बांधकाम खात्याचे मोठे तलाव उभे राहिले. आजच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा आणि चोरखमारा हे त्याच पिढीचे. अभियंता, मोजणी, नकाशा, अंदाजपत्रक अशा सरंजामासह आलेली ही दुसरी परंपरा. दोन्ही परंपरा काही दशके शेजारी शेजारी नांदल्या : सरकारी तलाव खात्याच्या नियमाने चालत, गावचे तलाव वाजिब-उल-अर्जाने.

१६/ मग ३१ मार्च १९५१ ही तारीख आली.

मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायदा, १९५० यानुसार त्या दिवशी मालगुजारी संपली. (विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता.) कुळांच्या दृष्टीने हा न्यायाचा दिवस होता यात शंका नाही. परंतु तलावांचे काय?

कायद्याने भेद केला. गावठाण आणि वहितीच्या जमिनी यांबाहेरच्या ज्या तलावांत मालकाशिवाय दुसऱ्या कोणाचाही सिंचनाचा हक्क नव्हता, ते त्या मालकाकडेच राहिले. ज्यांत इतरांचाही हक्क होता, ते सरकारजमा झाले. हेतू स्पष्ट आणि योग्य होता : सामायिक पाणी एका माणसाच्या मालकीचे राहू नये. पण परिणाम असा की जे तलाव सर्वाधिक सामायिक होते, ज्यांची व्यवस्था सर्वाधिक गुंतागुंतीची होती, नेमके तेच गावाच्या हातून निघून खात्याच्या यादीत गेले.

१७/ हस्तांतर झाले पाळीचे, पाण्याचे, बुडीत क्षेत्राचे. पाणकराचे हस्तांतर झाले नाही. धानाचा वाटा कोणी द्यायचा? मालक बदलला, नवा मालक खळ्यावर येत नाही. दुरुस्तीला हात कोणी बोलवायचे? बोलावणारा गेला, बेगार गेली हे उत्तमच झाले, पण तिच्या जागी मजुरीची तरतूद आली नाही.

नंतरच्या दहा-बारा वर्षांत तलावांचे सरकारही बदलत राहिले. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि लहान तलाव त्यांच्याकडे गेले. पुढे १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्हा विभागून गोंदिया जिल्हा झाला, तेव्हा दप्तरे पुन्हा हलली. प्रत्येक स्थलांतरात तलावांची यादी पोहोचली. तुडुमाची तिसरी खुंटी केव्हा काढायची, हे कोणत्याच यादीत नव्हते.

१८/ सरकारकडे कार्यपद्धती नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. ती होती, आणि चांगली काटेकोर होती. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंद, देयक. प्रत्येक पायरीवर सही, प्रत्येक सहीमागे जबाबदारी. सार्वजनिक पैशाच्या रक्षणासाठी यातील एकही पायरी निरर्थक नाही.

अडचण एवढीच की ही साखळी बांधकामासाठी घडवलेली आहे. तिला सुरुवात आणि शेवट असलेले ‘काम’ लागते. श्रावणातल्या रात्री पाळीला खेकड्याचे बीळ पडले, तर त्याला दोन घमेली माती आणि एक माणूस हवा, त्याच रात्री हवा. त्याचे अंदाजपत्रक होत नाही. ते बीळ भगदाड झाले, पाळ फुटली, की मग मात्र ते रीतसर ‘काम’ बनते आणि साखळी हलू लागते. देखभालीला जागा नसलेल्या व्यवस्थेत दुरुस्तीला मोडण्याची वाट पाहावी लागते. तलावांच्या ऱ्हासाचे अर्धे कारण या एका वाक्यात आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९/ उरलेले कारण पैशाचे. शेतकऱ्याचे म्हणणे : पाणी हा आमचा निस्तार आहे, तो आमच्या जमिनीच्या आकारात पूर्वीच धरलेला आहे, वेगळी पट्टी कशाची? खात्याची अडचण : पट्टीच येत नसेल तर देखभालीचा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा? दोन्ही बाजू आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर होत्या. दोन कागद एकमेकांशी बोलत नव्हते, एवढेच.

२०/ आता या इतिहासातील सर्वांत चमत्कारिक तपशील. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये विदर्भासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. निस्तारपत्रक कलम १६१ मध्ये येते. कलम १६५ चे नावच ‘वाजिब-उल-अर्ज’. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचे साधन नव्या राज्याने विसरले नाही, कायद्यात जपले. जिल्हाधिकाऱ्याने प्रत्येक गावातील सिंचनाच्या हक्काची, वहिवाटीची, मासेमारीची रूढी नोंदवावी, असे ते कलम सांगते.

मात्र त्याच वाक्यात एक अट आहे. ही नोंद अशा जमिनीपुरती व पाण्यापुरती, जे राज्य शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीचे, नियंत्रणातले वा व्यवस्थापनातले नाही.

मामा तलाव १९५१ सालीच सरकारचे झाले होते. ज्या पाण्यासाठी हा कागद जन्माला आला, तेच पाणी त्याच्या कक्षेबाहेर गेले.

२१/ यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याची आवश्यकता नाही. तर्क सरळ आहे : खासगी मालकापासून गावाच्या रूढीला संरक्षण हवे; सरकार तर लोकांचेच, त्याच्यापासून संरक्षण कशाला? परंतु वाजिब-उल-अर्ज हे केवळ संरक्षण नव्हते. ती तलाव चालवण्याची रीतही होती, आणि रीत मालक कोण आहे यावर अवलंबून नसते. जुने वाजिब-उल-अर्ज अभिलेखागारांत राहिले. ते पुराव्याचे कागद झाले. चालू कामाचे कागद उरले नाहीत.

२२/ परिणाम डोळ्यांना दिसतात. गाळाने उथळ झालेली बुडीत क्षेत्रे, कोरड्या पडलेल्या काठावर शेतीचे अतिक्रमण, पाळीवर वाढलेली झाडे, पाण्यात माजलेली बेशरम. तलावांची संख्या कागदावर तीच आहे. त्यांची साठवण ती नाही. याचा फटका धानाला बसला तसा माशांना आणि पक्ष्यांनाही. महाराष्ट्रात सारस क्रौंच जवळपास याच पट्ट्यापुरता उरला आहे, आणि त्याचा संसार धानाच्या बांध्या व तलावकाठ यांवर चालतो.

२३/ उपायही झाले. २००५ साली शेतकऱ्यांनी सिंचन व्यवस्थापन करण्याचा कायदा आला. पाणीवापर संस्थांना कायदेशीर रूप मिळाले. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने गाळ काढून शेतात नेण्याच्या जुन्या प्रथेला सरकारी बळ दिले. गाळ निघाला की पाणी वाढते, हे खरे. पण गाळ काढणे हे पुन्हा एक ‘काम’ आहे. जेसीबी येतो आणि जातो. पुढच्या मृगापूर्वी सांडवा कोण मोकळा करणार, या प्रश्नाला जेसीबीकडे उत्तर नसते.

२४/ म्हणून अर्जुनी मोरगाव परिसरातील एक प्रयत्न विशेष उल्लेखनीय वाटतो. मनीष राजनकर आणि त्यांची ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ ही संस्था तेथील धीवर समाजाच्या मत्स्य सहकारी संस्थांबरोबर तलाव सजीव करण्याचे काम करत आली आहे. केवळ खोदाई नव्हे. बेशरम उपटायची, तलावाचा तळ नांगरायचा, स्थानिक पाणवनस्पती निवडून लावायच्या, देशी माशांना अंडी घालण्यास जागा द्यायची, आणि पुढे कोणती वनस्पती जगली, कोणता मासा परतला हे पाहत राहायचे. कोणती वनस्पती कोणत्या खोलीवर वाढते हे ज्ञान धीवर कुटुंबांतूनच आले. या कामात स्त्रिया पुढे आहेत.

१८६७ च्या कारकुनाने ज्यांना फारसे विचारले नव्हते, नोंदी आता त्यांच्याकडून येत आहेत.

२५/ कायद्यातही एक अनपेक्षित पुनरागमन घडले. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये सामुदायिक हक्कांची व्याख्या करताना ‘निस्तार’ हा शब्द थेट वापरला आहे. जलाशयातील मासे आणि इतर उत्पादने यांवरील हक्कही त्यात येतो. २०१२ च्या सुधारित नियमांनी ग्रामसभेच्या समितीला संवर्धन व व्यवस्थापनाचा आराखडा करण्याचे काम दिले. म्हणजे गावागणिक वेगळी, गावाने स्वतः लिहिलेली आणि पुन्हा लिहिता येणारी रीत. यावेळी मालगुजाराच्या बैठकीत नव्हे, ग्रामसभेत.

२६/ मात्र हा कायदा वनजमिनीपुरता आहे. त्यामुळे गोंदियात आज असे चित्र संभवते : एकाच ओढ्यावर वर-खाली दोन तलाव आहेत, वरच्याचा सांडवा खालच्याला भरतो. वरचा जंगलाच्या हद्दीत, त्याची रीत ग्रामसभा लिहू शकते. खालचा जिल्हा परिषदेच्या यादीत, त्याच्यासाठी अंदाजपत्रक लागते आणि कलम १६५ ची अट तेथे अजून लागू आहे. पाणी मात्र वरून खाली पूर्वीसारखेच वाहते, आणि चित्रा नक्षत्रात दोन्ही तलावांखालचे धान एकाच आठवड्यात गर्भात येते.